तेल १३० अंशांच्या दारात: घरी जुळवलेल्या एका हलक्या विमानाचे वर्धा जिल्ह्यातील प्रकरण

हे प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या एका शेताच्या कडेला मुरूम दाबून केलेल्या धावपट्टीवरचे आहे. विमान दोन आसनी, वर पंख असलेले, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. सुट्या भागांच्या संचातून साळ्या-मेहुण्यांनी मिळून जुळवलेले. त्यांपैकी एक यंत्र अभियंता असून आता कापूस आणि तुरीची शेती करतात आणि विमान तेच चालवतात. दुसरे एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक आहेत. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचे. नोंदणी, परवानगी आणि उड्डाणाचे नियम हा वेगळा विषय असल्यामुळे येथे फक्त तेलाच्या तापमानाचा विचार केला आहे. खालील सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

या इंजिनासाठी तेलाचे तापमान किमान ५० आणि कमाल १३० अंश ठरवलेले आहे, तर ९० ते ११० हा नेहमीचा पट्टा मानला जातो. विमानाची पहिली उड्डाणे डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळच्या गारव्यात झाली आणि तेव्हा कूलर पूर्ण उघडा असताना तेल ७५ ते ८५ अंशांच्या वर जात नव्हते. एप्रिलमध्ये सकाळी दहाच्या सुमारास, बाहेर ३६ अंश असताना, ताशी १०० किलोमीटर वेगाने वर चढताना तेच तेल १२१ अंशांवर जाऊन स्थिरावू लागले. दुपारी कोणी उडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बाहेरची हवा जितकी तापते जवळपास तितकेच तेलही चढते. म्हणजे ४५ अंशांच्या दुपारी हीच चढाई सुईला थेट १३० वर नेऊन ठेवणार होती.

दोघांनी आपापल्या परीने उपाय केले होते. काउलिंगचे, म्हणजे इंजिनाभोवतीच्या झाकणाचे, ऑइल कूलरसमोरचे तोंड कानशीने कापून मोठे करण्यात आले, पण त्याने दोन अंशांचाही फरक पडला नाही. पुढचा बेत मोठा कूलर मागवण्याचा होता. मी तपासणीसाठी गेलो तेव्हा त्याची ऑर्डर द्यायची राहिली होती, आणि ती राहिली हे बरेच झाले, कारण या इंजिनात मोठा कूलर ही वाटते तितकी निरुपद्रवी वस्तू नाही.

तेलाचा मार्ग

या इंजिनात तेल वेगळ्या टाकीत असते. पंप ते टाकीतून ओढतो आणि ओढताना ते आधी कूलरमधून येते; कूलर पंपाच्या दाबाच्या बाजूला नसून ओढण्याच्या बाजूला आहे. इंजिनातून खाली जमलेले तेल टाकीत परत नेणारा दुसरा पंप नाही. पिस्टनच्या कडेने खाली निसटणाऱ्या वायूंच्या दाबानेच ते परत ढकलले जाते. पंपाच्या तोंडाशी निर्वात, म्हणजे ओढीमुळे कमी होणारा दाब, ०.३ बारपेक्षा जास्त होऊ नये अशी मर्यादा आहे. जास्त लांबीची नळी, अरुंद जोड किंवा मोठा आणि जास्त अडथळ्याचा कूलर बसवला तर हिवाळ्यातल्या सकाळी घट्ट झालेले तेल ओढताना ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि मग प्रश्न तापमानाचा न राहता बेअरिंगपर्यंत तेल पोहोचते की नाही, असा होतो. विदर्भात डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. हा धोका कागदावरचा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तापमानाचा सेन्सर पंपाच्या घरात बसलेला आहे. म्हणजे डॅशवर दिसणारा आकडा हा कूलरमधून गार होऊन इंजिनात शिरणाऱ्या तेलाचा असतो, इंजिनातून तापून बाहेर पडणाऱ्या तेलाचा नव्हे. कूलरचे काम बिघडले की तो आकडा सर्वांत आधी चढतो. म्हणूनच सुई चढली की इंजिनावर संशय घेण्याआधी हवेच्या वाटेवर घ्यावा. या विमानात तेलाचा दाबही तसेच सुचवत होता. तापमान १२१ असताना मिनिटाला ५००० फेऱ्यांवर दाब ३ बारच्या वर होता (३५०० फेऱ्यांच्या वर २ ते ५ बार हा नेहमीचा पट्टा) आणि उतरल्यावर मंद गतीवरही तो ०.८ बारच्या किमान मर्यादेच्या बराच वर राहत होता. तापमान चढते आणि त्याबरोबर दाबही बेताबाहेर पडतो, तेव्हा गोष्ट वेगळी असते. तशा वेळी कूलरशी खेळत बसू नये, इंजिन उघडावे.

आधी सुई तपासली

सेन्सर काढून, पातेल्यात तेल तापवून आणि त्यात प्रयोगशाळेतला थर्मामीटर सोडून डॅशवरचा आकडा पडताळला. उकळत्या पाण्यानेही एक बिंदू मिळतो, मात्र समुद्रसपाटीपासून अडीचशे-तीनशे मीटर उंचीवर पाणी १०० ऐवजी ९९ अंशांच्या आसपास उकळते हे लक्षात ठेवावे लागते, शिवाय आपल्याला १२० अंशांच्या भागात काय होते ते पाहायचे असते. सेन्सर ठीक निघाला. विमानात बसवल्यावर मात्र उतरण्याचा दिवा लावला की सुई चार अंशांनी सरकत होती. सेन्सरचे अर्थिंग त्याच्या धातूच्या अंगातून इंजिनाला मिळते, आणि इंजिनापासून डॅशपर्यंतची अर्थिंगची पट्टी रंगावरच कसलेली होती. रंग खरवडून पट्टी पुन्हा कसली, तेव्हा दिव्याचा आणि सुईचा संबंध तुटला. वर दिलेला १२१ हा आकडा या दुरुस्तीनंतरचा आहे. ही अर्ध्या तासाची तपासणी वगळून कूलर, नळ्या आणि काउलिंग यांवर पैसे घालणारे अनेक जण आहेत.

हवा कुठे अडते

निवृत्त मेकॅनिक काकांनी पहिल्याच दिवशी काउलिंगच्या खालच्या फटीत हात घालून सांगितले होते, "सर, हवा आत घुसून राहिली, पण निंगून नाही राहिली जी." त्यांचे म्हणणे मोजून पाहण्यासाठी महागडे उपकरण लागले नाही. गवंडी भिंतीची पातळी पाहायला वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप यू आकारात वाकवून एका फळीवर बसवला, त्यात शाई घातलेले पाणी भरले आणि मागे मिलिमीटरची पट्टी चिकटवली. फळी उजव्या आसनासमोर बांधली, पायलट एकटेच उडाले आणि वाचन मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपले गेले. एका टोकाची बारीक नळी आलटून पालटून कूलरच्या समोर आणि काउलिंगच्या खालच्या पोकळीत नेली. दुसरे टोक स्थिर दाबाच्या, म्हणजे वेगमापक आणि उंचीमापक यांना बाहेरच्या हवेचा दाब देणाऱ्या, नळीला जोडले, आणि पाणी चुकून विमानाच्या उपकरणांत जाऊ नये म्हणून मध्ये एक रिकामी बाटली ठेवली. असा फाटा जोडल्यावर वेगमापक आणि उंचीमापक गळतीसाठी पुन्हा तपासल्याशिवाय उडू नये.

वेगमापक ताशी १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे ४८ मिलिमीटर पाण्याइतका असतो. हवा थंड असो की गरम, दाखवलेल्या वेगाशी हा आकडा बांधलेला असतो. कूलरला हवा ढकलण्यासाठी आपल्या हातात असलेले भांडवल एवढेच. त्यातले प्रत्यक्ष काय वापरले जाते हे पाहण्यासाठी, कापून काढलेला काउलिंगचा तुकडा, जो सुदैवाने शेडमध्ये ठेवलेला होता, टेपने परत बसवून मूळ स्थितीत पहिले माप घेतले. कूलरसमोर २५ मिलिमीटर आणि खालच्या पोकळीत १० मिलिमीटर, म्हणजे कूलरच्या दोन्ही बाजूंमधला फरक फक्त १५. मग तुकडा काढून मोठ्या केलेल्या तोंडाने तेच उड्डाण केले. समोर २९, खाली १४. फरक पुन्हा १५.

कूलरमधून किती हवा जाईल हे समोरच्या दाबावर ठरत नाही, दोन्ही बाजूंमधल्या फरकावर ठरते. तोंड मोठे केल्याने जास्त हवा आत आली, पण बाहेर पडायची वाट तेवढीच राहिल्याने खालच्या पोकळीतला दाबही तितकाच वाढला आणि कूलरच्या वाट्याला काहीच आले नाही. याचे मूळ रचनेतही होते. काउलिंगचा हा आराखडा ८० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी आणि थंड प्रदेशासाठी केलेला होता. शिवाय शीतक द्रवाच्या रेडिएटरमधून आणि सिलिंडरांवरून येणारी तापलेली हवा त्याच एका खालच्या फटीतून बाहेर पडत होती.

येथे मानकांबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या आणि युरोपच्या प्रमाणीकरण नियमांत हलक्या विमानाचे थंडकरण सिद्ध करताना समुद्रसपाटीला ३८ अंश (१०० फॅरनहाइट) हा गरम दिवस धरण्याची दीर्घकाळाची पद्धत आहे आणि उंचीप्रमाणे तो आकडा कमी होत जातो. वर्ध्याच्या उंचीला तो साडेछत्तीसच्या आसपास येतो. विदर्भात एप्रिलअखेर आणि मे महिन्यात ४३ ते ४६ अंश ही नित्याची गोष्ट आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली. अर्थात, परदेशात चोख सिद्ध झालेले थंडकरणसुद्धा आपल्याकडे सात ते दहा अंशांनी तोकडे पडू शकते, आणि घरी जुळवलेल्या विमानाचे तर ते कोणी सिद्ध केलेलेच नसते. भर म्हणजे ४५ अंशांची हवा त्याच ठिकाणच्या १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक नवमांशाने विरळ असते. कूलरमधून तेवढेच घनफळ गेले तरी उष्णता वाहून नेणारे वस्तुमान कमी; आणि पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची, ओढ व इंजिनाची ताकदही घटल्यामुळे चढाई लांबते, तेल जास्त वेळ तापत राहते.

दुरुस्ती

एका वेळी एकच बदल करायचा आणि त्यानंतर तेच उड्डाण त्याच वेगाने करून सर्व वाचने ३६ अंशांच्या हवेवर आणून लिहायची, असे ठरवले. हा शिस्तीचा भाग दोघांनाही सुरुवातीला कंटाळवाणा वाटला, पण त्याशिवाय कोणत्या बदलाचा किती उपयोग झाला हे कधीच कळले नसते.

पहिला बदल कूलरच्या कडांचा. कूलर आणि काउलिंग यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना अंगठा जाईल एवढी फट होती, आणि हवेला जाळीतून जाण्यापेक्षा त्या फटीतून निघून जाणे सोपे होते. पत्र्याची छोटी चौकट करून तिच्यावर सिलिकॉन रबराची पट्टी अशी बसवली की आतल्या दाबाने ती काउलिंगला चिकटून राहील, आणि उरलेल्या बारीक फटी उष्णता सहन करणाऱ्या लाल सिलिकॉनने बुजवल्या. काउलिंगचे तोंड मूळ आकाराचेच ठेवून तिथपासून कूलरपर्यंत हळूहळू रुंदावत जाणारी पत्र्याची वाट केली. एकदम रुंदावणाऱ्या वाटेत हवा कडेला घुसळते आणि दाब वाया जातो. यानंतर फरक १५ वरून १९ मिलिमीटर झाला आणि तेल ११६ वर आले.

दुसरा बदल सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक ठरला. काउलिंगच्या खालच्या निकास फटीच्या पुढच्या काठावर तिच्या पूर्ण रुंदीची, सुमारे ३० मिलिमीटर खोल पत्र्याची पट्टी खाली आणि मागे ४५ अंशांच्या कोनात झुकवून रिव्हेट केली. बाहेरून वाहणारी हवा या पट्टीवरून घसरताना तिच्यामागे कमी दाबाचा भाग तयार होतो आणि तो आतली हवा ओढून घेतो. खालच्या पोकळीतला दाब १२ वरून जेमतेम १ मिलिमीटरवर आला, फरक २९ झाला आणि तेल १०९ वर स्थिरावले. विमानाच्या सरळ उड्डाणाच्या वेगात पट्टीने किंचित घट केली. दोघांनीही ती तक्रार न करता स्वीकारली. मेकॅनिक काकांचा अंदाज बरोबर होता, हे मापांसह वहीत नोंदवले गेले.

तिसरा बदल पत्र्यात नव्हता, चालवण्यात होता. चढाई ताशी १०० ऐवजी ११५ किलोमीटरने केली तर हवेचा उपलब्ध दाब ४८ वरून जवळपास ६४ मिलिमीटर होतो, म्हणजे वेग १५ टक्क्यांनी वाढवला की दाब एक तृतीयांशाने वाढतो. चढण्याचा दर थोडा घटतो, पण तेल १०४ वर राहते. ४५ अंशांच्या हवेवर आणले तर हे ११३ होते, आणि सरळ उड्डाणात ते आणखी खाली येते. मे महिन्याच्या दुपारी जमिनीलगतची हवा इतकी घुसळलेली असते की दर १०० मीटरला तापमान जवळपास एक अंशाने उतरते. म्हणून धावपट्टी सोडल्यानंतरची पहिली काही मिनिटे सांभाळली की पुढे उंचीच मदतीला येते. अडथळे मागे पडताच फेऱ्या ५५०० च्या खाली आणणे, सुई ११५ कडे निघाली की नाक खाली घेऊन वेग वाढवणे आणि वारा शेपटीकडून येत असेल तर जमिनीवर इंजिन चालू ठेवून थांबणे टाळणे, हे आता त्यांच्या तपासयादीत आहे.

तेलाची टाकी एक्झॉस्ट पाइपपासून चार बोटांवर होती. मध्ये स्टीलच्या पत्र्याचा आडोसा दिला. याचा परिणाम वेगळा मोजला नाही.

कापूस आणि फुफाटा

पहिल्या बदलाच्या वेळी कूलर खाली काढला तेव्हा त्याच्या जाळीच्या आतल्या थरात कापसाचे बारीक तंतू, उडत्या फुफाट्याची पूड आणि किडे यांचा लगदा बसलेला होता. समोरून बॅटरी धरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसत होती. मागून उजेड पाडला तेव्हा तळाच्या कोपऱ्यात प्रकाशच येत नव्हता. वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर आणि गाड्यांमागे उडणारा कापूस धावपट्टीवर येतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटी उपटताना उठणारी धूळ तो घट्ट बसवते. साफ करताना हवा नेहमी मागून पुढे, कमी दाबाने मारावी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी जवळून धरली तर जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि जाळी कायमची बुजते. हे काम आता दिवाळीनंतर दर पंधरवड्याला होते.

हिवाळ्याची बाजू

उन्हाळ्याचा हिशोब बसवला की हिवाळ्याचा बिघडतो, आणि मला यात प्रकरणाचा खरा अवघड भाग दिसतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. बहुतेक वाफ एक्झॉस्टमधून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांवरून खाली निसटून तेलात मिसळते. ती उडून जावी म्हणून उड्डाणाच्या प्रत्येक दिवशी तेल एकदा तरी १०० अंशांच्या वर जावे, अशी या इंजिनाबाबत शिफारस आहे. पहिल्या हिवाळ्यात ते कधीच गेले नव्हते, आणि टाकीच्या झाकणाच्या आतून सायीसारखा पिवळट-पांढरा थर जमला होता. तेव्हा त्यांनी निम्म्या कूलरवर ॲल्युमिनियमची टेप लावून तापमान ९५ पर्यंत नेले होते. मार्चमध्ये ती टेप आठवणीने काढली गेली. पण आठवणीवर चालणारी व्यवस्था मला मान्य नाही, आणि टेप उडता उडता सुटून रेडिएटरवर बसली तर काय, याचेही उत्तर कोणाकडे नव्हते.

कूलरसमोर स्क्रूने बसणारी झडप आणि तेलाचा थर्मोस्टॅट असे दोन पर्याय होते. झडप स्वस्त आहे आणि तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही, पण तिने कूलरमधून तेल वाहणे थांबत नाही. गारठलेले घट्ट तेल पंपाला त्या बारीक वाटांतूनच ओढावे लागते. थर्मोस्टॅट तेल गार असेपर्यंत कूलरला वळसा घालून देतो, त्यामुळे तेल लवकर तापते आणि पंपाच्या तोंडाशी निर्वातही कमी राहते. दोघांनी माझ्या सल्ल्याने थर्मोस्टॅट घेतला. तो बंद अवस्थेत अडकला तर उन्हाळ्यात कूलर निरुपयोगी होईल, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये तो काढून गरम तेलात उघडतो की नाही हे पाहायचे आहे. तेलाची वाट उघडल्यावर तिच्यात शिरलेली हवा काढून टाकल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, आणि पंखा हाताने फिरवताना फक्त चालू दिशेनेच फिरवायचा. उलटा फिरवला तर व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक टॅपेटमध्ये, म्हणजे तेलाने भरलेल्या दट्ट्यांमध्ये, हवा जाते. पुढच्या जानेवारीत, सकाळच्या गारव्यात, सुरुवातीला २००० आणि मग २५०० फेऱ्यांवर तेल ५० अंश होईपर्यंत थांबून केलेल्या उड्डाणात सुई १०१ वर गेली आणि टाकीचे झाकण आतून कोरडे निघाले.

आता तेल मर्यादेत आल्यावर मे महिन्यात दुसरी सुई आधी वर जाते. ४३ अंशांच्या पुढे चढाई करताना शीतक द्रवाचे तापमान तेलाच्या आधी आपल्या मर्यादेजवळ पोहोचते, कारण रेडिएटरच्या कडा अजून बंद केलेल्या नाहीत. त्यामुळे सध्या सकाळी दहानंतर आणि संध्याकाळी पाचच्या आधी विमान शेडमध्येच असते, आणि लेव्हल पाइपची फळी आता रेडिएटरच्या मापांसाठी पुन्हा उजव्या आसनासमोर बांधलेली आहे.